फॉरमॅट मारायच्या आधी जर्नल वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलंय, की तुमच्या पेपरातल्या लेखाचं ऐकून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम, टाकलं आणि पस्तावलो, ब्लूटूथचा हेडफोन दर पाच मिनिटांनी तुटतो, मशीन मधेच ठार हँग होतं, माऊससुद्धा हलत नाही, आणि आता दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारून परत विंडोज टाका, तेव्हा लोकांना असले फुकटचे सल्ले देऊ नका. पत्र वाचून मला त्या गृहस्थांचा राग नाही आला, उलट वाटलं की हा माणूस माझ्याच घरात बसून लिहितोय की काय, कारण माझे नोव्हेंबर-डिसेंबर ह्याच दोन दुखण्यांत गेले. फक्त मी फॉरमॅट मारू दिलं नाही. पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण रॅमचा भाग तेवढा ठेवा.

मी साताऱ्याची. ज्युनियर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये ३१ वर्षं सहायक होते, म्हणजे मीटर ब्रिजच्या तारा बदलणं, गॅल्व्हानोमीटर दुरुस्त करणं आणि बारावीच्या पोरांवर ओरडणं. कॉम्प्युटरचं शिक्षण शून्य. माझं मशीन २०१६ साली असेंबल करून घेतलेलं, सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार-चार जीबीच्या दोन रॅमच्या पट्ट्या, रॅम म्हणजे चालू काम ठेवायची मेमरी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ह्या मशीनला चालत नाही, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, म्हणजे चांगलं चालणारं मशीन भंगारात. मग भाऊबीजेला भाऊ आला, बरोबर भाचा, तो हिंजवडीत नोकरीला आहे, त्यानं चकल्या खाता खाता पेनड्राईव्हवरून लिनक्स मिंट टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी गेला पुण्याला. जाताना म्हणाला आत्या काही अडलं तर फोन कर. बिचाऱ्याला काय माहीत.

माझं काम असं की आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट आहेत, तीसेक असतील, त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, खरखर काढायची, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायच्या. सून नर्स आहे, नाईट असली की दुपारी झोपते, त्यामुळे स्पीकर लावायची सोय नाही, म्हणून ब्लूटूथचा हेडफोन. माऊस आणि कीबोर्डपण ब्लूटूथचे, मुलानं वाढदिवसाला दिलेले, टेबलावर वायरी नकोत म्हणून. हे तिन्ही एकाच चिमुकल्या डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या ब्लूटूथच्या खुंटीवर, चालायचे, ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळं पाणी इथेच मुरतंय.

पहिल्याच फोनवर भाचा म्हणाला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघड आणि जर्नलसीटीएल टाइप कर. मी म्हणलं काय? जर्नल? ह्यालाही जर्नल असतं? लॅबमध्ये तो शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकायचे मी, जर्नल पूर्ण आहे का, जर्नलवर सही झाली का, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी जर्नल हरवलं म्हणून रडणारी पोरं. तर लिनक्सलाही असतं. मशीन चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत आत काय घडलं, कुठलं यंत्र जोडलं गेलं, कुठलं तुटलं, कुठला प्रोग्राम कोसळला, सगळं ते वेळेसकट लिहून ठेवतं, आणि पोरांसारखं शेजारणीचं बघून लिहिलेलं नसतं. स्पेलिंग देते, जे ओ यू आर एन ए एल आणि त्यालाच चिकटून सी टी एल, सगळी लहान अक्षरं. पुढे स्पेस, डॅश बी, परत स्पेस, डॅश १ असं लिहून एंटर मारलं की आत्ताचं नाही तर मागच्या खेपेचं जर्नल उघडतं, म्हणजे मशीन ज्या खेपेला हँग झालं तेव्हाचं, मग कॅपिटल जी दाबलं की एकदम शेवटच्या ओळींवर. बाहेर पडायला क्यू. एवढंच यायला लागतं, बाकी मलाही येत नाही.

आणि मी माझं एक वेगळं जर्नल घातलं, नातवाची अर्धी वही उरली होती तिच्यात. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, घड्याळ पळतंय का, कॅप्सलॉकचा दिवा लागतो का. तीन आठवड्यांत १७ नोंदी झाल्या. पहिल्या आठवड्यातच एक गंमत कळली जी मला वाटतं त्या पत्रलेखकांनाही लागू होईल. मशीन हँग झालं, माऊस हलेना, कीबोर्ड चालेना, हेडफोनमधला अभंगपण बंद, मी पॉवरचं बटण दाबून धरायला हात पुढे केला आणि सहज स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं तर घड्याळ ४.१२ वरून ४.१३ झालं. म्हणजे मशीन जिवंत होतं! मेला होता तो डोंगल, आणि माऊस कीबोर्ड हेडफोन तिघंही त्याच्याच जिवावर, म्हणून तिघं एकदम गप्प झाले आणि मला वाटलं कॉम्प्युटरच गेला. असं किती वेळा मी चांगल्या चालत्या मशीनचा गळा दाबून बंद केलं असेल देव जाणे, आणि तसं बंद केल्यानं न लिहिलेली फाईल जाते ते वेगळंच, दोन कॅसेटचं काम माझं असंच गेलं.

मग माळ्यावरून जुना वायरचा माऊस आणि वायरचा कीबोर्ड काढला आणि कायम जोडून ठेवला. आता हँग झालं की आधी वायरचा माऊस हलवून बघायचा. हलला तर ब्लूटूथ गेलंय, मशीन नाही, डोंगल काढून परत लावला की काम चालू, किंवा टर्मिनलमध्ये ब्लूटूथची सर्व्हिस रिस्टार्ट करायची. वायरचा पण हलेना, घड्याळ थांबलेलं, कॅप्सलॉक दाबून दिवा बदलेना, तर ते खरं हँग. १७ पैकी ११ वेळा नुसतं ब्लूटूथ होतं. खरं मरण सहा वेळा.

खरं हँग झालं तरी लगेच पॉवर बटण नाही दाबायचं, आल्ट आणि प्रिंटस्क्रीन ही दोन्ही धरून ठेवायची आणि एस, मग यू, मग बी, मधे दोन-तीन सेकंद थांबत एकेक दाबायचं. एस म्हणजे जे काही लिहायचं राहिलंय ते डिस्कवर लिही, यू म्हणजे डिस्क नुसती वाचण्यापुरती कर, बी म्हणजे रीबूट. मिंटवर आणि उबुंटू ह्या दुसऱ्या लिनक्सवर ही तिन्ही आधीपासून चालू असतात. हे इंजिनचं अगदी खालचं बटण आहे, वरचं सगळं गोठलं तरी बऱ्याचदा हे ऐकतं. माझ्याकडे सहापैकी दोनदाच ऐकलं, पण चारदा ऐकलं नाही हेसुद्धा रीडिंगच झालं ना, म्हणजे लिनक्सचा गाभाच, ज्याला कर्नल म्हणतात, गेला होता.

आता आधी ब्लूटूथ. डोंगल मी स्वस्तातला घेतला होता, जर्नल उघडलं तर त्यात ब्लूटूथच्या नावानं स्पष्ट ओळ, की हा सीएसआर चिपचा बिननावाचा क्लोन सापडलाय, जुळवून घेतोय. सीएसआर ही केंब्रिजची चिप बनवणारी कंपनी, २०१५ मध्ये क्वालकॉमनं घेतली, तिच्या चिपच्या नकला इतक्या बाजारात आल्यात की लिनक्सच्या गाभ्यात त्या ओळखून त्यांच्या खोडी सांभाळून घेणारा कोडच घातलेला आहे. एलएसयूएसबी कमांड मारली की यूएसबीला काय काय लावलंय त्याची यादी येते, त्यात डोंगलसमोर शून्य-ए-एक-दोन, कोलन, शून्य-शून्य-शून्य-एक असा नंबर दिसला तर तो खऱ्या सीएसआरचापण असू शकतो आणि नकलीचापण, नक्कल तोच नंबर सांगते, पण जर्नलमध्ये क्लोनची ओळ आली की उत्तर मिळालं. म्हणजे बिचारं मशीन पहिल्या दिवसापासून लिहून ठेवत होतं की बाई हा माल बनावट आहे आणि मी तीन आठवडे हेडफोनला शिव्या देत होते.

नवा डोंगल आणला, जरा बऱ्यातला. तुटणं कमी झालं पण गेलं नाही, आणि इथे मला माझ्या जुन्या नोकरीचा उपयोग झाला. वहीत बघितलं तर तुटण्याच्या वेळा कशा, तर बऱ्याचशा कॅसेट हार्ड डिस्कवर कॉपी करताना. डोंगल सीपीयूच्या मागच्या बाजूला, आणि त्याच्या शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क. निळा म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी ३. आता ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, २.४०२ ते २.४८०, त्यात एकेक मेगाहर्ट्झचे ७९ चॅनल केलेत आणि आपला नेहमीचा हेडफोन सेकंदाला १६०० वेळा एका चॅनलवरून दुसऱ्यावर उड्या मारत असतो, कोणी एका ठिकाणी गोंधळ घातला तर दुसरीकडे जायचं म्हणून. त्याच पट्ट्यात घरचा वायफाय, त्याच पट्ट्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. आणि यूएसबी ३ चा सिग्नल पाच गिगाबिटनं पळतो, त्याची जी रेडिओ खरखर पसरते ती नेमकी ह्याच पट्ट्यावर येते, उड्या मारून जाणार कुठे, सगळीकडेच खरखर. ही काही माझी अक्कल नाही, इंटेलनं स्वतः २०१२ मध्ये ह्यावर पेपर काढलाय. त्यात आपला डोंगल लोखंडी डब्याच्या मागे, टेबलाखाली, भिंतीला टेकलेला. मी हाकेच्या अंतरावर बसून त्याला पत्र्याआडून हाका मारत होते म्हणा ना.

उपाय काय तर एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल, साध्या काळ्या पोर्टमध्ये लावली, डोंगल टेबलावर आणून सेलोटेपनं चिकटवला, हार्ड डिस्क दुसऱ्या टोकाला. आणि मुलानं राऊटरवर कॉम्प्युटरचा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाकला. पण दोन्ही एका दिवशी नाही केलं! आधी केबल, चार दिवस वही, मग वायफाय. भाचा म्हणाला आत्या कशाला एवढं, दोन्ही करून टाक. म्हणलं मग कशानं बरं झालं ते तुझा बाप सांगणार का. केबलनंच झालं होतं, वायफायनं वहीत काही फरक पडला नाही, तरी राहू दिलंय.

एक छोटं दुखणं उरलं, माऊस दहा मिनिटं नुसता पडला की जागा व्हायला वेळ लावायचा. ते वीज वाचवायला डोंगलला झोपवतात त्यामुळे, बीटीयूएसबी नावाच्या ड्रायव्हरचं ऑटोसस्पेंड बंद करायची एका ओळीची फाईल असते, ती भाच्यानं फोनवर सांगून लिहून घेतली. लॅपटॉपवाल्यांना बॅटरी थोडी जास्त लागेल, माझं काय, लाईटचं बिल.

आणि मीटिंगला हेडफोनचा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो ह्याचं खापर मात्र लिनक्सवर फोडू नका, ते सगळीकडेच आहे. नुसतं गाणं ऐकताना हेडफोन एका पद्धतीनं जोडलेला असतो, एका दिशेनं भरपूर आवाज, स्टिरिओ. माईक चालू झाला की तो फोनच्या पद्धतीवर जातो, दोन्ही दिशांना बोलायचं म्हणून आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर येतो, म्हणजे बारकावे कमी, आणि स्टिरिओ जाऊन दोन्ही कानांत एकच. ब्लूटूथ मुळात असंच आहे. आमच्या मंडळाची एक मीटिंग ऑनलाइन झाली तर पेटी ऐकून मला वाटलं पेटीत झुरळ शिरलंय. तेव्हापासून माईक वायरचा, हेडफोन ब्लूटूथचा, असं सेटिंगमध्ये वेगवेगळं निवडून ठेवलं.

आता खरं हँग, ते सहा वेळचं. माझी पक्की खात्री होती की हेही ब्लूटूथमुळेच, कारण सहाच्या सहा वेळा हेडफोन जोडलेला होता. वहीतच लिहिलंय, अक्षर माझंच. भाच्यालाही तेच वाटलं, तो म्हणाला ब्लूटूथचा ड्रायव्हर गाभ्यात असतो, तो चुकला तर सगळं गोठू शकतं, आणि ते खरंही आहे, असं होतं कधीकधी. पण मग हेडफोन न जोडता बघायला नको का? लॅबमध्ये हा पहिला धडा. एके दिवशी डोंगलच काढून ठेवला खिडकीत, वायरच्या माऊसवर दीड तासाची कॅसेट उघडली, खरखर काढायला लावली, बाजूला ब्राउझरमध्ये बाकीचं नेहमीचं. पाऊण तासानं मेलं. ब्लूटूथ निर्दोष! मी हेडफोन लावायचे तेव्हाच ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज साफ करायच्या प्रोग्रामात, मोठ्या फाईली उघडलेल्या असायच्या, तेव्हाच रॅम भरायची, नुसता पेपर वाचताना कशाला भरतेय. हेडफोन फक्त तिथे हजर होता, चोरीच्या वेळी दारात दिसलेल्या पेपरवाल्यासारखा.

मग जर्नल परत वाचलं, सहाही खेपांचं. सहापैकी तीन खेपांत शेवटी काहीच नाही, ओळी नेहमीसारख्या चाललेल्या आणि एकदम संपलेल्या. मला वाटलं काहीच मिळालं नाही, पण भाचा म्हणाला तेच मिळालं, प्रोग्राम चुकला असता तर तक्रार लिहायला वेळ मिळाला असता, लिहिता लिहिताच मेलं म्हणजे बहुतेक खालच्या लोखंडात काहीतरी, वीज, उष्णता, रॅम. आणि मेलं नाही अशा दिवशीच्या जर्नलमध्येही अधूनमधून सेगफॉल्ट म्हणून ओळी, म्हणजे मेमरीत भलतीकडे हात घालून प्रोग्राम कोसळला, कधी ब्राउझरच्या नावानं, कधी ऑडॅसिटीच्या, कधी फायलींच्या खिडकीच्या, एकदा तर खुद्द गाभ्याची ओरड, बॅड पेज स्टेट. इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. बारावीच्या बॅचमध्ये सगळ्या पोरांचं उत्तर एकसारखं चुकलं तर फळ्यावरचा फॉर्म्युला चुकलेला असतो, सरांना जाऊन सांगायचं. प्रत्येकाचं वेगवेगळं आणि दर वेळी वेगळं चुकलं तर वायर लूज आहे, पोरांना सोडा आणि टेबलाखाली बघा. एकच प्रोग्राम सारखा मरत असता तर मी प्रोग्रामला धरलं असतं. इथे रोज नवीन मरत होतं.

मेमटेस्ट ८६ प्लस म्हणून फुकट मिळतं, पेनड्राईव्हवर घालून त्याच्यावरून मशीन चालू करायचं, ते लिनक्स विंडोज कशालाच हात लावत नाही, नुसती रॅम तपासतं, लिहितं आणि वाचतं, लिहितं आणि वाचतं. रात्रभर ठेवायचं म्हणून लावलं आणि दात घासून येईपर्यंत लाल ओळी, म्हणजे चुका. आठ जीबीत एवढीशी जागा खराब, पण तिथे ज्याचं सामान पडेल तो मेला. दुसऱ्या दिवशी मशीन बंद, प्लग काढला, एकेक पट्टी लावून वेगवेगळं तपासलं, मग त्याच पट्ट्या स्लॉट बदलून. मीटर ब्रिजमध्ये डाव्या-उजव्या गॅपमधले रेझिस्टन्स अदलाबदल करून परत रीडिंग घेतात ना, म्हणजे दोष ब्रिजचा की रेझिस्टन्सचा ते कळतं, तसं. एक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये नापास, दुसरी दोन्हीत पास. स्लॉट चांगला, पट्टी वाईट. तिच्या सोनेरी पिना खोडरबरनं घासूनही बघितल्या, पुष्कळ घरांत तेवढ्यानं चालते, माझी नाही चालली. महिनाभर चार जीबीवर काढलं, नंतर दुसरी घातली. पट्टी काढल्यापासून आजपर्यंत खरं हँग एकदाही नाही, वहीचं ते पान कोरं आहे.

ह्या सगळ्याच्या मधे आमच्याकडेही एक दुकानदार येऊन गेला होता, मुलानं माझ्या नकळत बोलावलेला. पाच मिनिटं बघितलं, म्हणाला काकू लिनक्स सर्व्हरला असतं, घरात चालत नाही, फॉरमॅट मारून देतो. जर्नल बघितलं का विचारलं तर म्हणाला कुठलं जर्नल. आपल्याकडे हे एकच औषध, ताप आला फॉरमॅट, खोकला आला फॉरमॅट. समजा मी हो म्हणलं असतं तर काय झालं असतं? खराब रॅम तशीच, तिच्यावर विंडोज, आठ दिवसांनी निळी स्क्रीन, परत फॉरमॅट, परत पैसे. आणि इतक्या दिवसांचं जर्नल पुसलेलं, म्हणजे चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आधी घर सारवून घेतल्यासारखं.

पण त्या पत्रलेखकांचं एक म्हणणं मला मान्य आहे आणि ते तुमच्या लेखात यायला हवं होतं. ब्लूटूथ ही लिनक्सची दुखरी बाजू आहेच. त्याचा ब्लूटूथचा भाग, ब्लूझेड, तो २००१ पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे, जुना आणि चांगला आहे, पण चिपच्या आत जे फर्मवेअर, म्हणजे चिपचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, जातं ते कंपनीनं द्यावं लागतं, आणि नव्या लॅपटॉपवर जुनं लिनक्स टाकलं तर ते फर्मवेअर त्यात नसतंच, मग ब्लूटूथ दिसतच नाही. जर्नलमध्ये फर्मवेअर लोड झालं नाही अशी ओळ असते, अपडेट केलं की बऱ्याचदा मिटतं. शिवाय आवाजाचं काम करणारा कारकून मधे बदलला, आधी पल्सऑडिओ होता, आता पाइपवायर, मिंटमध्ये २२ पासून, त्यामुळे जुन्या मिंटवरच्या हेडफोनच्या कटकटी नव्यावर बऱ्याच गेल्यात. तुम्ही लेखात नुसतं "फुकट आणि सोपं" लिहिलंत. फुकट आहे. सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

पत्रलेखकांचं मशीन माझ्यासारखंच असेल असंही नाही. त्यांनी लॅपटॉप लिहिलाय, आणि लिहिलंय की विंडोजमध्ये तोच हेडफोन चालत होता. एकाच लॅपटॉपवर दोन्ही असतील तर एक गोम आहे, हेडफोनला दोन्हींचा पत्ता एकच दिसतो पण किल्ली वेगळी, विंडोजमध्ये पेअर केलं की लिनक्सची किल्ली मोडली, लिनक्समध्ये केलं की विंडोजची, मग तो जोडतच नाही आणि माणूस म्हणतो खराब आहे. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथचं कार्ड बहुधा एकच असतं, त्याला दोन बारीक अँटेनाच्या वायरी, लॅपटॉप कधी उघडला असेल आणि त्यातली एक नीट बसवली नसेल तर हेडफोन हातभर लांब गेला की तुटणार. हँगचं म्हणाल तर आधी पंख्यातली धूळ. चार जीबी रॅम आणि ब्राउझरच्या वीस खिडक्या असतील तर ते हँग नव्हेच, डिस्कचा दिवा सतत जळत असतो, मशीन सामान इकडून तिकडे हलवतंय, थांबलं तर येतं परत. अपडेटनंतर सुरू झालं असेल तर चालू करताना ग्रबच्या, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या मेनूच्या, यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडायचा, तो तिथे ठेवलेलाच असतो, त्याच्यावर दोन दिवस बरं चाललं तर दोषी सापडला. आणि २०१४-१५ मधले ते स्वस्त छोटे लॅपटॉप, इंटेलच्या बे ट्रेल चिपचे, त्यातला असेल तर त्यांचं लिनक्सवर गोठणं जगजाहीर आहे, प्रोसेसरला फार गाढ झोपू न देण्याची एक सेटिंग आहे, मॅक्स सी-स्टेट १, ती टाकून लोकांनी ते वर्षानुवर्षं चालवलेत.

केरळात सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं लिनक्स चालतंय, तिथली पोरं काही वेगळं लिनक्स वापरत नाहीत, पण शिक्षकांना शिकवलेलं असतं आणि २०१८ पासून हायस्कुलात पोरांचे लिटल काइट्स म्हणून क्लब आहेत, मशीन अडलं की बघायला शाळेतच कोणीतरी असतं. आपल्याकडे माझ्यासारखीला हिंजवडीचा भाचा लागतो, आणि सगळ्यांच्या आत्याला भाचा नसतो. पुरवणीत महिन्याला एकदा अर्धा कॉलम ह्या असल्या दुखण्यांना दिलात तर बरं, पाककृतीच्या खाली दिलात तरी आम्ही वाचू.

त्या गृहस्थांचा पत्ता तुमच्याकडे असेल. त्यांनी अजून फॉरमॅट मारलं नसेल तर त्यांना एवढं कळवा, की आठ दिवस वायरचा माऊस लावा, हँग झालं की आधी घड्याळ बघा, आणि मशीन परत चालू केल्यावर मागच्या खेपेच्या जर्नलच्या शेवटच्या ओळींचा मोबाईलवर फोटो काढून तुमच्या ऑफिसात पाठवा, तिथून माझ्याकडे आला की मी आणि भाचा बसून बघतो, त्याला मी अजून सांगितलेलं नाही पण तो नाही म्हणणार नाही. आणि दुकानदार आधीच येऊन बसला असेल तर त्याला चहा द्या, पेनड्राईव्ह तेवढा लावू देऊ नका.

आपली नम्र,
एक जुनी वाचक, निवृत्त प्रयोगशाळा सहायक
सातारा